मल्लविद्येचा आश्रय आणि हेलसिंकीचे दोन विजेते : बाळापुराहून एक ऐतिहासिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

अकोला जिल्ह्यातील बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस ह्या नद्यांच्या संगमावर उभा आहे. औरंगजेबाचा पुत्र आझमशहा ह्याने त्याच्या बांधकामास प्रारंभ केला व एलिचपूरचा नबाब इस्माईलखान ह्याने १७५७ मध्ये ते पूर्ण केले, अशी त्याची नोंदलेली परंपरा आहे. गावालगत नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाने ओळखली जाणारी काळ्या दगडाची छत्री आहे. ऑगस्ट १७२० मध्ये निजामुल्मुल्क व सय्यद बंधूंचा पुतण्या आलमअलीखान ह्यांच्यात ह्याच परिसरात निर्णायक लढाई झाली आणि तीत आलमअली मारला गेला. बाळापूर हे प्रथम लष्करी ठाणे होते व नंतर तालुक्याचे गाव झाले, हे ह्यावरून स्पष्ट होते. पुढे किल्ल्याच्या आवारात सरकारी कचेऱ्या आल्या. जेथे एकेकाळी अंगबळास चाकरी व शिधा मिळे, तेथे अर्ज व दाखले मिळू लागले.

ह्या स्थित्यंतराकडे सामान्यतः राजकीय इतिहासाचा भाग म्हणून पाहिले जाते. परंतु त्याला एक सामाजिक बाजूही आहे. ज्या समाजव्यवस्थेत शरीरबळाचा पोशिंदा राजा, सरदार किंवा किल्लेदार असे, ती व्यवस्था मोडल्यावर बलवान माणसाचे काय झाले? तालमीतील पोराच्या दुधाबदामाचा खर्च कोणी उचलला? आणि त्या पोराने जगाच्या मैदानात उतरावयाचे ठरविले, तर त्याच्या प्रवासाचे पैसे कोणी दिले? व्यायाम व क्रीडा ह्यांच्या इतिहासात विक्रमांची नोंद विपुल असते, आश्रयाची नोंद मात्र तुटक असते. प्रस्तुत लेखात ह्या दुसऱ्या नोंदीचा विचार एका विशिष्ट घटनेच्या आधारे केला आहे. ती घटना म्हणजे १९५२ चे हेलसिंकी ऑलिंपिक.

त्या स्पर्धेतील दोन विजेते आपण समोरासमोर ठेवणार आहोत. एक, सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे मल्ल खाशाबा दादासाहेब जाधव. दुसरे, अमेरिकेचे मुष्टियोद्धे फ्लॉइड पॅटर्सन. दोघांचे क्रीडाप्रकार भिन्न, वयात नऊ वर्षांचे अंतर, आणि पदकांचा दर्जाही निराळा. तरीही दोघेही एकाच महिन्यात, एकाच नगरीत, हौशी खेळाडू म्हणून उतरले होते व दोघेही गरिबीतून वर आले होते. तेथून पुढे दोघांचे मार्ग ज्या रीतीने फुटले, त्यातून आश्रयाच्या दोन व्यवस्थांचे स्वरूप स्पष्ट होते. वऱ्हाडची व्यायामपरंपरा ही त्याच प्रश्नाचे तिसरे उत्तर असल्याने तिचाही परामर्श आवश्यक आहे.

२. दरबारचा आश्रय आणि वर्गणीचा आश्रय

पश्चिम महाराष्ट्रातील कुस्तीच्या उत्कर्षाचे श्रेय कोल्हापूर दरबाराकडे जाते, ह्याविषयी दुमत नाही. राजर्षी शाहू महाराज १८९४ मध्ये अधिकारारूढ झाले. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त ते विलायतेस गेले असता त्यांनी रोममधील प्राचीन रंगमंडल पाहिले व त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले. ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. मध्यभागी आखाडा व सभोवार चढत जाणारी बैठक, अशी त्याची रचना असून कोठूनही कुस्ती स्पष्ट दिसावी, हा तिचा हेतू होता. मल्लांना दरबारातून खुराक मिळे, तालमींना मदत मिळे व परप्रांतीय पैलवानांनाही तेथे आश्रय लाभे. अशा व्यवस्थेत मल्लाची कीर्ती ही दरबाराची कीर्ती असे. दोहोंचा हिशेब एकाच वहीत मांडला जाई.

वऱ्हाडची स्थिती निराळी होती. येथे अठराव्या शतकापासून सार्वभौमत्व निजामाचे, परंतु राजधानी दूर हैदराबादेस. एलिचपूरच्या नबाबांचे वैभव फार काळ टिकले नाही. १८५३ च्या तहाने हा प्रांत इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेला, १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे आला व १९०३ मध्ये मध्यप्रांतास जोडण्यात आला. कापसाच्या व्यापाराने अकोला व अमरावती ही शहरे वाढली. परंतु कोल्हापूरच्या अर्थाने दरबार म्हणावा असे काही येथे उरले नव्हते. मल्लास फेटा बांधणारा राजा नव्हता, तेव्हा जे करावयाचे ते नागरिकांनीच करणे भाग होते.

त्यातूनच १९१४ मध्ये अमरावतीस वैद्य बंधूंनी स्थापन केलेला हनुमान आखाडा पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या रूपाने वाढला. ह्या संस्थेचा आधार वर्गणी, देणग्या व कार्यकर्त्यांचे श्रम हा होता. तिने देशी व्यायामप्रकारांचे पद्धतशीर शिक्षण देण्याचे ठरविले व बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वर्ग चालविले. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डी व अन्य देशी प्रकारांची प्रात्यक्षिके केली, आणि १९४९ मध्ये स्टॉकहोम येथील लिंगियाड महोत्सवातही ते सहभागी झाले. १९५२ पूर्वी सोळा वर्षे वऱ्हाडचे व्यायामपटू ऑलिंपिक नगरीत पोहोचले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मात्र ते प्रात्यक्षिकासाठी गेले होते, स्पर्धेसाठी नव्हे. हा भेद केवळ योगायोगाचा नाही. वर्गणीवर चालणारी संस्था समुदायास उत्तरदायी असते. शंभर मुलांना शिकविणे हे तिचे काम असते. एका मल्लावर सर्व साधने केंद्रित करणे तिला सहजी परवडत नाही व तिच्या तत्त्वात बसतही नाही. दरबाराची गोष्ट उलट असते. त्याला एक अजिंक्य मल्ल पुरेसा असतो.

सारांश, महाराष्ट्रात आश्रयाचे दोन नमुने तयार झाले. कोल्हापूरने विजेते घडविले, अमरावतीने शिक्षक घडविले. ह्यांपैकी पहिल्या नमुन्याचा पाया जेव्हा ढासळला, नेमक्या त्याच वेळी खाशाबा जाधव ऐन उमेदीत होते.

३. गोळेश्वर ते लंडन

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळील गोळेश्वर ह्या खेड्यात झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते व पाच मुलांत खाशाबा धाकटे. बालपणापासून तालमीची सवय, गावोगावच्या जत्रांतील कुस्त्या आणि कराडच्या टिळक हायस्कूलमधील शिक्षण, असा त्यांचा आरंभीचा काळ गेला. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. बाबूराव बलावडे व बेलापुरे गुरुजी ह्यांचे मार्गदर्शन त्यांना मिळाले. देहयष्टी लहान, परंतु चपळाई व डावांचे ज्ञान असाधारण, असे त्यांचे वर्णन केले जाते. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान व हात कवेत घेऊन, कमरेच्या वळशाने त्यास उचलून पाठीवर आदळणे, हे त्याचे सूत्र. वजनाने हलका मल्लही योग्य क्षण साधल्यास ह्या डावाने कुस्ती मारू शकतो.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली तेव्हा प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लंडनमध्ये ते सर्वांत हलक्या, म्हणजे ५२ किलो वजनाच्या गटात उतरले. तेथे त्यांना प्रथमच आंतरराष्ट्रीय नियमांचा व गादीवरील कुस्तीचा खरा अनुभव आला. मातीतील कुस्ती व गादीवरील कुस्ती ह्यांत केवळ पृष्ठभागाचा भेद नसतो. मातीत वेळेचे बंधन सैल, पाठ स्पष्टपणे टेकेपर्यंत निकाल नाही आणि पायाला माती धरून ठेवते. गादीवर मिनिटांचा हिशेब असतो, पंच गुण मोजतात आणि पाय घसरतो. अशा स्थितीत अमेरिकन प्रशिक्षक रीस गार्डनर ह्यांचे अल्पकालीन मार्गदर्शन त्यांना मिळाले. त्यांनी ऑस्ट्रेलियन व अमेरिकन मल्लांस हरविले, इराणच्या मल्लाकडून ते पराभूत झाले व अखेर त्यांना सहावे स्थान मिळाले. पदक नव्हते, परंतु त्या वजनगटात ह्या पातळीवर पोहोचणारा भारतीय मल्ल त्यापूर्वी झाला नव्हता.

लंडनहून परत आल्यावर पुढील चार वर्षे त्यांनी वरच्या, म्हणजे ५७ किलोच्या गटासाठी तयारी केली. ह्याच चार वर्षांत त्यांच्या पायाखालची भूमी बदलली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. लोकशाहीच्या दृष्टीने ते आवश्यक व इष्टच होते. पण विलीनीकरणाच्या कागदपत्रांत संस्थानाचे खजिने, न्यायालये व पोलीस ह्यांची व्यवस्था लागली, तशी मल्लांच्या खुराकाची लागली नाही. जुना पोशिंदा गेला आणि नव्याची अद्याप घडी बसलेली नव्हती.

४. १९५२ : पोकळीतील प्रवास

नव्या राज्यव्यवस्थेच्या क्रीडाविषयक संस्थांचा कालानुक्रम पाहिला म्हणजे ही पोकळी स्पष्ट होते. राजकुमारी अमृत कौर ह्यांच्या नावाने ओळखली जाणारी प्रशिक्षण योजना १९५३ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापनाही १९५३ चीच. अखिल भारतीय क्रीडा परिषद १९५४ मध्ये अस्तित्वात आली. पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ ची. ती स्थापन झाली पतियाळा महाराजांच्या जुन्या मोतीबाग राजवाड्यात. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाले व ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाची स्पर्धाही त्याच वर्षीची. म्हणजे संस्थानी आश्रय १९४९ मध्ये संपला आणि लोकशाही शासनाच्या आश्रयाची पहिली पावले १९५३ पासून पुढे पडली. हेलसिंकीची स्पर्धा ह्या दोहोंच्या नेमकी मध्ये आली.

१९५२ ची निवड सरळपणे झाली नाही. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत आपणास जाणूनबुजून एक गुण कमी दिला गेला, अशी जाधवांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली व फेरचाचणीत प्रतिस्पर्ध्यास सहज पराभूत करून आपली जागा मिळविली, असा वृत्तान्त सांगितला जातो. महाराजा यादवींद्रसिंग हे त्या काळी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. संस्थाने संपली होती, तरी न्याय मागावयाचा तो एका महाराजांकडेच. मात्र आता संघटनेचे अध्यक्ष ह्या नात्याने. संक्रमणकाळाचे हे बोलके लक्षण होय.

निवड झाली तरी प्रवासखर्चाचा प्रश्न उरलाच. गोळेश्वर व कराड परिसरातील लोकांनी वर्गणी गोळा केली. पण सर्वांत मोठी मदत आली ती राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर ह्यांच्याकडून. आपल्या ह्या माजी विद्यार्थ्यासाठी त्यांनी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केल्याचा निर्देश जाधवांच्या बहुतेक सर्व चरित्रपर लेखनात आढळतो. येथे थांबून विचार करावयास हवा. प्राचार्य हे ना राजे होते, ना धनिक व्यापारी. त्यांनी दिलेल्या रकमेस कोणतीही हमी नव्हती. पदक मिळेल असे कोणीही सांगू शकत नव्हते. चार वर्षांपूर्वीचे सहावे स्थान एवढेच भांडवल होते. १९४८ मध्ये जे काम एका राज्याच्या खजिन्याने केले, ते १९५२ मध्ये एका शिक्षकाच्या घराच्या भिंतींनी केले.

हेलसिंकीत जाधवांनी कॅनडाच्या ऍड्रियन पोलिक्विन ह्यास, मेक्सिकोच्या लिओनार्दो बसुर्तो ह्यास व जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झ ह्यास हरविले. त्या काळी दंडगुणांची पद्धत होती. पराभूतास अधिक दंडगुण, केवळ गुणांवर जिंकणाऱ्यास थोडे आणि चीत करून जिंकणाऱ्यास मुळीच नाहीत. ठराविक मर्यादा ओलांडणारा मल्ल बाद होई. ह्या रीतीने अखेरच्या टप्प्यात तिघे उरले : जपानचा शोहाची इशी, सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव आणि खाशाबा जाधव. इशीबरोबरची लढत प्रदीर्घ व अटीतटीची झाली आणि तीत जाधव हरले. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढावयास बोलावण्यात आले. दोन लढतींमधील अर्ध्या तासाच्या नियमाचा आग्रह धरण्यास भारतीय पथकातील कोणी अधिकारी तेथे उपस्थित नव्हता, असे सांगण्यात येते. ही लढतही ते हरले. इशीस सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य व जाधवांस कांस्य, असा २३ जुलै १९५२ रोजी निकाल लागला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसऱ्याच दिवशी भारतीय हॉकी संघाने नेदरलँड्सचा ६–१ असा पराभव करून सुवर्णपदक मिळविले व देशाचे लक्ष स्वाभाविकच तिकडे वेधले गेले. कोल्हापूर परिसरातीलच केशव मानगावे ह्यांना वरच्या वजनगटात चौथे स्थान मिळाले, हेही ह्या गर्दीत विसरले गेले.

इशीविषयी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. तो मूळचा ज्यूदोपटू. युद्धोत्तर काळात ताबेदार सैन्याच्या अधिकाऱ्यांनी ज्यूदोवर निर्बंध घातले, म्हणून तो कुस्तीकडे वळला, आणि हेलसिंकीत जपानला मिळालेले एकमेव सुवर्णपदक त्याने जिंकले. राजकीय उलथापालथीने खेळाडूचा मार्ग कसा बदलतो, ह्याचे हे दुसरे उदाहरण त्याच गटात, त्याच गादीवर होते.

५. मुष्टियुद्धाचा बाजार : पॅटर्सन

कुस्त्या संपल्यानंतर थोड्याच दिवसांत हेलसिंकीत मुष्टियुद्धाच्या लढती झाल्या. अमेरिकेने तीत पाच सुवर्णपदके मिळविली. त्यांपैकी मध्यम वजनगटाचे पदक सतरा वर्षांच्या फ्लॉइड पॅटर्सनचे होते. अंतिम लढतीत त्याने रुमानियाच्या वासिले तित्सा ह्यास पहिल्याच फेरीत निपचित पाडले.

पॅटर्सनचा जन्म ४ जानेवारी १९३५ रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यात झाला व तो न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात दारिद्र्यात वाढला. लहानपणी चोऱ्यामाऱ्या केल्याने त्यास विल्टविक येथील सुधारशाळेत पाठविण्यात आले व तेथे त्याला प्रथम आत्मविश्वास मिळाला. पुढे कस डामाटो ह्या प्रशिक्षकाने त्यास आपल्या व्यायामशाळेत घेतले. ऑलिंपिकनंतर अवघ्या काही आठवड्यांत, सप्टेंबर १९५२ मध्ये, त्याने धंदेवाईक रिंगणात पाऊल टाकले. ३० नोव्हेंबर १९५६ रोजी शिकागो येथे आर्ची मूर ह्यास पाचव्या फेरीत हरवून तो एकविसाव्या वर्षी जगातील सर्वोच्च वजनगटाचा विजेता झाला. तोवर एवढ्या लहान वयात हा मान कोणास मिळालेला नव्हता. २६ जून १९५९ रोजी स्वीडनच्या इंगेमार योहान्सनने तिसऱ्या फेरीत त्यास सात वेळा खाली पाडून किताब हिरावून घेतला. २० जून १९६० रोजी पॅटर्सनने योहान्सनला पाचव्या फेरीत हरवून तो परत मिळविला. ह्या वजनगटात गमावलेला किताब पुन्हा जिंकणारा तो पहिला मुष्टियोद्धा. सप्टेंबर १९६२ मध्ये सनी लिस्टनने पहिल्याच फेरीत त्याचा पराभव केला व जुलै १९६३ मध्ये त्याचीच पुनरावृत्ती झाली. १९७२ मध्ये महंमद अलीविरुद्ध तो अखेरचा लढला. चौसष्ट लढतींपैकी पंचावन्न त्याने जिंकल्या. पुढे तो न्यूयॉर्क राज्याच्या क्रीडानियामक आयोगाचा अध्यक्षही झाला व ११ मे २००६ रोजी निधन पावला.

ह्या कारकिर्दीत आश्रयदाता कोण होता? राजा नव्हे, शासन नव्हे, वर्गणीदार नव्हेत. आश्रयदाता होता तिकीट काढणारा प्रेक्षक, आणि प्रेक्षक व खेळाडू ह्यांच्यामध्ये उभा असलेला व्यवस्थापक व आयोजक. हा बाजार उदार होता, तसा निर्दयही होता. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लबने किताबी लढतींवर जवळजवळ मक्तेदारी बसविली होती. १९५५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मुष्टियुद्धास मक्तेदारीविरोधी कायदा लागू होतो असा निर्णय दिला आणि १९५९ मध्ये तो क्लब विसर्जित करण्याच्या आदेशास मान्यता दिली. डामाटोने त्या क्लबशी फटकून राहूनच पॅटर्सनला घडविले होते.

बाजाराच्या दुसऱ्या टोकाचे चित्र त्याच अमेरिकन संघात सापडते. हेलसिंकीत सर्वोच्च वजनगटाचे सुवर्णपदक एड सँडर्सने जिंकले. अंतिम लढतीत त्याचा प्रतिस्पर्धी होता तोच योहान्सन, व पुरेशा जोमाने लढत नसल्याचे कारण देऊन पंचांनी त्यास बाद केले होते. सँडर्सही धंदेवाईक झाला. डिसेंबर १९५४ मध्ये बॉस्टन येथील लढतीत तो कोसळला व मेंदूतील रक्तस्रावाने मरण पावला. पदकाला तेव्हा अडीच वर्षेही झाली नव्हती. बाद झालेला योहान्सन जगज्जेता झाला आणि सुवर्णपदक विजेता अकाली गेला. बाजारास पदकाचे सोयरसुतक नसते.

६. पदकानंतर

खाशाबा जाधव परतले तेव्हा कराडपासून गोळेश्वरपर्यंत त्यांची मिरवणूक निघाली. १५१ बैलगाड्या तीत होत्या व एरवी थोड्या वेळाची ती वाट चालण्यास अनेक तास लागले, ही आठवण त्या भागात आजही सांगितली जाते. नंतर त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरविली व त्यांच्या उत्पन्नातून प्राचार्यांचे कर्ज फेडून गहाण पडलेले घर सोडविण्यास साहाय्य केले. विजेत्याचे पहिले कर्तव्य ऋणफेड हे ठरावे, ह्यातच त्या काळाच्या क्रीडाव्यवस्थेवरील भाष्य आहे.

त्यांना धंदेवाईक मार्ग उपलब्ध नव्हता असे नाही. मातीच्या कुस्तीत इनामे होती. परंतु ऑलिंपिकचा हौशीपणाचा नियम कडक होता, आणि अमेरिकेतील मुष्टियुद्धाप्रमाणे एका मल्लास आयुष्यभराची निश्चिंती देईल असा बाजार येथे नव्हता. १९५५ मध्ये ते मुंबई राज्याच्या पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या आधी गुडघ्यास गंभीर दुखापत झाल्याने ती संधी हुकली. पोलीस दलात त्यांनी अनेक वर्षे सेवा केली, स्पर्धा जिंकल्या, क्रीडाशिक्षणही दिले व सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना खेपा घालाव्या लागल्या. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या मशालयात्रेत त्यांना स्थान देण्यात आले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला. राज्याचा छत्रपती पुरस्कार व केंद्राचा अर्जुन पुरस्कार हे दोन्ही त्यांना मरणोत्तर मिळाले. अर्जुन पुरस्कार तर २००० चा. दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहास २०१० मध्ये त्यांचे नाव दिले गेले आणि १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता महाराष्ट्रात राज्य क्रीडादिन म्हणून पाळला जातो.

दरम्यान काळ किती लोटला, हेही मोजले पाहिजे. भारतास दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९९६ मध्ये लिअँडर पेसने टेनिसमध्ये मिळवून दिले, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी. कुस्तीतील दुसरे पदक २००८ मध्ये सुशीलकुमारचे, छप्पन्न वर्षांनी. महाराष्ट्राच्या खेळाडूस पुढचे वैयक्तिक पदक मिळण्यास २०२४ उजाडले. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे ह्याने पॅरिस येथे नेमबाजीत कांस्यपदक जिंकले. तो राज्य शासनाच्या क्रीडाप्रबोधिनीत घडला होता, रेल्वेच्या नोकरीत होता, आणि पदकानंतर राज्य शासनाने त्यास एक कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले.

७. निष्कर्ष

येथवरच्या विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली ही की, जाधवांची उपेक्षा ही केवळ कृतघ्नतेची कथा म्हणून सांगणे पुरेसे नाही. व्यक्तींच्या उदासीनतेचा भाग तीत असेल, पण मूळ कारण रचनेत आहे. त्यांची कारकीर्द दोन आश्रयव्यवस्थांमधील सांध्यावर पडली. दरबार मावळला होता, शासनाची योजना उगवली नव्हती, आणि बाजार अस्तित्वात नव्हता. अशा वेळी समाज व्यक्तिगत त्यागावर विसंबतो. तो त्याग कितीही उदात्त असला तरी त्याला व्यवस्था म्हणता येत नाही. कारण प्राचार्यांचे घर एकदाच गहाण पडते. पुढच्या मल्लासाठी दुसरे घर शोधावे लागते. पदकांमधील दीर्घ अंतरास अन्य कारणेही आहेत, तथापि आश्रयाच्या ह्या खंडाचा त्यात वाटा आहे असे मानण्यास भरपूर आधार आहे.

दुसरी गोष्ट, पदकापूर्वीचा आश्रय व पदकानंतरचा सत्कार ह्यांत इतिहासकाराने काटेकोर भेद केला पाहिजे. पहिल्यात जोखीम असते, दुसऱ्यात नसते. शाहू महाराजांचा खुराक, खर्डेकरांचे सात हजार रुपये, डामाटोची व्यायामशाळा व आजची क्रीडाप्रबोधिनी ह्या सर्वांचे स्वरूप निरनिराळे असले तरी त्या पहिल्या वर्गात मोडतात. बैलगाड्यांची मिरवणूक, मरणोत्तर पुरस्कार, सभागृहाचे नाव व कोटीचे पारितोषिक दुसऱ्या वर्गात. दुसरा वर्ग वाढत जाणे ही समाधानाची बाब आहे. परंतु खेळाडू घडतो तो पहिल्याने.

तिसरी गोष्ट वऱ्हाडशी संबंधित आहे. येथील परंपरेने विजेत्यापेक्षा शिक्षकास महत्त्व दिले, म्हणून तिच्या नावावर पदके कमी दिसतात. तथापि दरबार बुडाल्याने ती बुडाली नाही, कारण ती दरबारावर उभी नव्हती. १९१४ मध्ये स्थापन झालेली अमरावतीची संस्था शतक ओलांडून आजही उभी आहे, हे तिच्या आश्रयपद्धतीचे सामर्थ्य होय. तिची मर्यादा अशी की, एखादा असामान्य खेळाडू पुढे आल्यास त्याच्यावर एकाग्र होण्याची सोय तीत कमी. कोल्हापूरची एकाग्रता आणि अमरावतीचे सातत्य ह्यांचा मेळ घालणे, हे खरे काम आहे.

ह्या दिशेने संशोधनास मोठा वाव आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतील तालमींच्या वह्या, जत्रांच्या कुस्त्यांच्या जाहिराती, इनामांच्या याद्या, नगरपालिकांचे ठराव व व्यायामशाळांचे जमाखर्च ही साधने अद्याप इतिहासकाराच्या टेबलावर क्वचितच येतात. आमच्या विद्यार्थ्यांनी बाळापूरसारख्या एका गावापासून आरंभ करावा. किल्ल्याच्या तटबंदीची मापे घेतली जातात, छत्रीच्या खांबांचे रेखाटन होते; त्याच निष्ठेने गावातील तालमीस कोणी, केव्हा व किती वर्गणी दिली, ह्याचीही नोंद व्हावी. त्या जमाखर्चात कोणा खर्डेकरांचे नाव सापडेल, आणि त्यांनी पाठविलेला, पण पदकाशिवाय परतलेला, एखादा मल्लही सापडेल. त्याच्या नोंदीवाचून हा इतिहास पुरा होणार नाही.